विमान-नियंत्रणातील केबली व जोडभाग

विमानाची उंची, दिशा व कल बदलण्यासाठी वैमानिक आपल्या आसनापुढील नियंत्रण दांडा किंवा पायपट्ट्या हलवितो. ही हालचाल पंखांवरील व शेपटीवरील नियंत्रण पृष्ठांपर्यंत पोहोचविण्यासाठी पोलादी तारा पिळून केलेले जे दोर वापरतात, त्यांना नियंत्रण केबली असे म्हणतात. या दोरांची टोके पकडणारे, त्यांचा ताण कमीजास्त करणारे, त्यांना वळण देणारे व त्यांचा मार्ग राखणारे जे धातूचे वा इतर पदार्थांचे भाग असतात, त्यांचा समावेश जोडभागांत होतो. केबल आणि जोडभाग मिळून एक साखळी बनते. तिचे बळ सर्वांत दुबळ्या दुव्याइतकेच असते. यामुळेच विमानाच्या सुरक्षिततेत या लहान व स्वस्त भागांना त्यांच्या किंमतीच्या मानाने फार मोठे महत्त्व प्राप्त झाले आहे.

इतिहास : यांत्रिक उड्डाणाच्या प्रारंभापासून केबलीचा वापर होत आला आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी उडालेल्या राइट बंधूंच्या विमानात वैमानिक पालथा झोपत असे. त्याच्या कंबरेभोवती एक सरकती चौकट होती. ती डावीउजवीकडे सरकविली की, तिला जोडलेल्या तारा पंखांची टोके पिळीत व त्याचबरोबर सुकाणूही वळवीत. पुढे पंख पिळण्याऐवजी त्यांच्या मागील कडेस बिजागरीने एलेरॉन बसविण्याची पद्धत रूढ झाली. तथापि हालचाल पोहोचविण्याचे साधन केबलीचेच राहिले. वजनाने हलकी, पाहिजे तशी वळविता येणारी व अडचणीच्या जागेतून नेता येणारी अशी दुसरी सोपी वस्तू उपलब्ध नव्हती. सेसना १७२ यासारख्या प्रशिक्षण विमानांत आजही मुख्य नियंत्रणे केबलींनीच चालतात.

कार्यतत्त्व : दोराने ओढता येते, ढकलता मात्र येत नाही. विहिरीवरील रहाटाच्या दोराने पोहरा वर खेचता येतो, परंतु तो खाली जातो तो स्वतःच्या वजनाने. नियंत्रण पृष्ठाला असे आपोआप परत येणे चालत नाही, कारण त्यावर वाऱ्याचा दाब कोणत्या बाजूने पडेल ते निश्चित नसते. म्हणून प्रत्येक हालचालीसाठी दोन केबली योजतात. एक ओढली जाते तेव्हा दुसरी सैल न पडता तितकीच मागे येते. अशा रीतीने दांड्यापासून नियंत्रण पृष्ठापर्यंत व तेथून परत एक बंद फेरा तयार होतो. या फेऱ्यात आधीपासून ताण देऊन ठेवलेला असल्यास दोन्ही बाजू सदैव ताठ राहतात आणि वैमानिकाच्या हाताची हालचाल विलंब न होता पोहोचते. केबल-प्रणालीतील बहुतेक योजना या एका गोष्टीतून, म्हणजे दोर केवळ ओढू शकतो या मर्यादेतून, उद्भवल्या आहेत.

नियंत्रण प्रणालींचे प्रकार : केबलीच्या कार्याच्या दृष्टीने विमानांच्या नियंत्रण प्रणालींचे तीन प्रकार पाडता येतात. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे बांधलेल्या शिर्डी विमानतळाचे उद्‌घाटन १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. या विमानतळावरून एटीआर-७२, बोइंग ७३७ व एअरबस ए-३२० या तिन्ही जातींच्या विमानांनी प्रवासी वाहतूक केली आहे. त्यामुळे एकाच धावपट्टीवर या तिन्ही प्रकारांची उदाहरणे पहावयास मिळाली आहेत.

पहिल्या प्रकारात वैमानिकाच्या स्नायूंचा जोर थेट पृष्ठांपर्यंत जातो. एटीआर-७२ हे दोन टर्बोप्रॉप एंजिनांचे सु. ७० प्रवाशांचे विमान असून त्याचे पहिले उड्डाण १९८८ मध्ये झाले. त्यातील एलेरॉन, एलेव्हेटर व सुकाणू ही पृष्ठे केबली, दांडे व तरफा यांच्या साहाय्याने हलतात. पृष्ठांच्या मागील कडेस असलेल्या लहान पट्ट्या वाऱ्याच्याच बळाचा उपयोग करून वैमानिकाचे श्रम कमी करतात. दुसऱ्या प्रकारात केबल पृष्ठाला हलवीत नाही, तर पृष्ठ हलविणाऱ्या द्रवचालित यंत्रणेची झडप उघडते. बोइंग ७३७ मध्ये ही पद्धत आढळते. तिच्या दोन्ही मुख्य द्रवप्रणाली निकामी झाल्या, तर एलेरॉन व एलेव्हेटर ही पृष्ठे त्याच केबलींनी, अधिक जोर लावून, हाताने हलविता येतात. तिसऱ्या प्रकारात दांड्याची हालचाल विद्युत् संकेतांच्या रूपाने संगणकाकडे व तेथून द्रवचालित यंत्रणेकडे जाते. १९८७ साली प्रथम उडालेले एअरबस ए-३२० हे या प्रकारचे आहे. मात्र त्याच्या मूळ आराखड्यातही सुकाणू आणि शेपटीचे आडवे पृष्ठ यांसाठी यांत्रिक मार्ग राखून ठेवलेला होता.

केबलीची रचना : अनेक बारीक तारा एकत्र पिळून एक पेड होतो आणि अनेक पेड पिळून केबल तयार होते. पेडांची संख्या व प्रत्येक पेडातील तारांची संख्या यांवरून केबलीचे नाव ठरते. ७ × ७ या केबलीत सात पेड व प्रत्येकात सात तारा, म्हणजे एकूण ४९ तारा असतात. ७ × १९ या केबलीत १३३ तारा असतात. तारा जितक्या बारीक व अधिक तितकी केबल अधिक लवचिक होते आणि कप्प्यांवरून वारंवार वळणे तिला सोसते. म्हणून मुख्य नियंत्रणांसाठी, जेथे केबल सतत कप्प्यांवरून जाते तेथे, ७ × १९ हा प्रकार विशेष पसंत करतात. १ × ७ व १ × १९ या प्रकारांत एकच पेड असल्याने त्या ताठर असतात व त्यांचा उपयोग सरळ मार्गापुरताच होतो.

केबली जस्ताचा थर दिलेल्या कार्बनी पोलादाच्या किंवा अगंज पोलादाच्या करतात. अगंज पोलाद दमट व खाऱ्या हवेत टिकते, परंतु त्याच जाडीची कार्बनी पोलादाची केबल सामान्यतः अधिक बळकट असते. १/८ इंच (सु. ३·२ मिमी.) व्यासाची ७ × १९ प्रकारची कार्बनी पोलादाची केबल सु. ९०० किग्रॅ. भार घेऊ शकते. लहान विमानांच्या मुख्य नियंत्रणांत याहून बारीक केबल वापरू नये, असा अमेरिकन नियम होता व तो अनेक देशांत प्रमाण मानला गेला. लहान विमानांत केबलीला दिलेला प्रारंभिक ताण सामान्यतः १०–२० किग्रॅ. एवढाच असतो. मग एवढे राखीव बळ कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे उत्तर असे की, बळकट केबल भाराखाली कमी ताणली जाते आणि वर्षानुवर्षे वळून, घासून व गंजून काही तारा कमजोर झाल्या तरी ती एकदम दगा देत नाही.

जोडभाग : केबलीच्या टोकाला घट्ट बसविलेल्या धातूच्या भागाला टर्मिनल म्हणतात. कामाप्रमाणे त्याला डोळा, दुबेळके, गोळा अथवा आट्यांचा दांडा असा आकार देतात. टर्मिनल बसविण्याच्या सर्वांत विश्वसनीय पद्धतीला स्वेजिंग म्हणतात. या पद्धतीत केबलीचे टोक टर्मिनलच्या नळीत घालून ती नळी साच्यांमध्ये दाबतात. दाबामुळे धातू तारांच्या फटींत शिरतो व जोड केबलीइतकाच बळकट होतो. दाबल्यानंतर नळीचा व्यास मापकाने तपासतात आणि तयार केबलीवर तिच्या मोडभाराच्या ६० टक्के एवढा भार देऊन चाचणी घेतात. दुसऱ्या एका पद्धतीत केबलीचे टोक धातूच्या वळ्याभोवती फिरवून तांब्याच्या दुहेरी नळीने आवळतात. पूर्वी पेड उलगडून हाताने परत विणून जोड करीत. असा पाच वेढ्यांचा जोड केबलीच्या बळाच्या ७५ टक्केच बळ देतो, म्हणून त्याचा वापर मागे पडला.

टर्नबकल हा ताण कमीजास्त करण्याचा जोडभाग होय. त्याच्या मधल्या नळीच्या एका टोकाला उजवे व दुसऱ्या टोकाला डावे आटे असतात. त्यामुळे नळी एका दिशेने फिरविली की, दोन्ही बाजूंच्या केबली जवळ येतात व उलट फिरविली की दूर जातात. डाव्या आट्यांची बाजू ओळखता यावी म्हणून नळीच्या त्या टोकाशी एक खाच कोरलेली असते. जोडणी पूर्ण झाल्यावर नळीच्या कोणत्याही बाजूस तीनपेक्षा अधिक आटे बाहेर दिसू नयेत, हा नियम साधा असला तरी महत्त्वाचा आहे. आटे पुरेसे आत नसतील, तर भार मोजक्या आट्यांवर पडून जोड निसटण्याचा संभव असतो. शेवटी नळी आपोआप फिरू नये म्हणून ती तारेने किंवा खिळपट्टीने जखडून टाकतात.

केबलीला वळण द्यावयाचे असल्यास कप्पी वापरतात. केबल सैल पडली तरी खोबणीतून निसटू नये यासाठी कप्पीजवळ संरक्षक खुंटी बसवितात. केबल विमानाच्या पडद्यातून किंवा बरगडीतून जाते तेथे तिला आधार देणाऱ्या मऊ पदार्थाच्या भागाला फेअरलीड म्हणतात. फेअरलीड केबलीला वळण देण्यासाठी नसून तिची फडफड व घासणे टाळण्यासाठी असते. तेथे दिशा तीन अंशांहून अधिक बदलू देत नाहीत. दाबयुक्त कक्षाच्या भिंतीतून केबल बाहेर पडते तेथे हवा निसटू न देणारी व तरीही केबलीला सरकू देणारी बंदिस्त जोडणी लागते. केबलीची सरळ रेषेतील हालचाल वर्तुळाकार हालचालीत बदलण्यासाठी क्वाड्रंट, तर दिशा बदलून दांड्याकडे देण्यासाठी बेल क्रँक ही कोनाकार तरफ वापरतात. पृष्ठाची हालचाल ठराविक अंशांपलीकडे जाऊ नये म्हणून अटकाव बसविलेले असतात.

ताण व तापमान : केबल सैल असल्यास दांडा काही अंतर हलूनही पृष्ठ हलत नाही आणि वेगात पृष्ठाची फडफड सुरू होण्याचा धोका निर्माण होतो. उलट ती फार ताठ असल्यास घर्षण वाढते, दांडा जड होतो व कप्प्यांचे धारवे लवकर झिजतात. म्हणून ताण योग्य तेवढाच असावा लागतो व तो ताणमापकाने मोजतात. तथापि हा ताण स्थिर राहत नाही. विमानाचे धड ॲल्युमिनियम मिश्रधातूचे व केबल पोलादाची असते. ॲल्युमिनियम तापमानातील बदलाने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण व आकुंचन पावते.

उदा., मे महिन्याच्या दुपारी शिर्डी विमानतळावर तापमान ४०° से. असताना उभे असलेले विमान सु. ७,००० मी. उंचीवर गेले, तर तेथील बाहेरील हवेचे प्रमाण तापमान सु. −३०° से. असते. एकूण फरक ७०° से. होतो. धड बाहेरील हवेइतके गार झाले असे मानल्यास २० मी. लांबीचा ॲल्युमिनियमचा भाग सु. ३२ मिमी. आखडतो, तर तेवढ्याच लांबीची पोलादी केबल सु. १७ मिमी. आखडते. या दोहोंतील सु. १५ मिमी.चा फरक केबलीच्या सैलपणाच्या रूपाने प्रकट होतो. प्रत्यक्षात कक्षातील ऊब व उड्डाणाचा काळ यांमुळे हा आकडा कमी भरतो, परंतु त्याचा विचार टाळता येत नाही. लहान विमानांत निर्मात्याने दिलेल्या तक्त्यावरून त्या वेळच्या तापमानाला योग्य तो ताण ठरवितात. मोठ्या विमानांत स्प्रिंगांच्या साहाय्याने दोन्ही केबलींतील ताण सारखा राखणारा ताण-नियामक बसवितात.

जुळणी : केबली बदलल्यानंतर किंवा ताण दुरुस्त केल्यानंतर सर्व प्रणालीची पुन्हा जुळणी करावी लागते. प्रथम दांडा व पृष्ठे मध्यस्थितीत आणून खुंट्यांनी अडकवितात. नंतर टर्नबकलने ताण देतात. खुंट्या काढल्यावर पृष्ठाची दोन्ही दिशांची हालचाल अंशांत मोजतात आणि अटकाव तपासतात. शेवटची तपासणी हालचालीच्या दिशेची असते. दांडा डावीकडे कलविला असता डावा एलेरॉन वर व उजवा खाली गेला पाहिजे. ही पाहणी क्षणभरातच होते, परंतु बाकीची सर्व कामे बिनचूक झाली आणि एवढीच राहिली, तर सर्व व्यर्थ जाते. म्हणून नियंत्रण प्रणालीवरील काम एकाने केले की, दुसऱ्या अधिकृत व्यक्तीने स्वतंत्रपणे तपासावे, अशी दुहेरी तपासणीची पद्धत भारतासह अनेक देशांत पाळली जाते.

झीज व तपासणी : केबलीच्या बहुतेक तारा कप्प्यांवरून व फेअरलीडमधून जाणाऱ्या भागांत तुटतात, कारण तेथे त्या पुनःपुन्हा वाकतात व घासतात. वारंवार वाकल्याने धातूस येणाऱ्या दुबळेपणाला शिणवटा म्हणतात. तपासताना कापड केबलीवरून फिरवितात. तुटलेल्या तारेचे टोक कापडात अडकते. या कामी उघडा हात वापरीत नाहीत, कारण ते टोक सुईसारखे बोटात शिरते. दांडा दोन्ही टोकांपर्यंत हलवून कप्पीखाली दडलेला भागही उघडा पाडावा लागतो. शिणवट्याच्या दृष्टीने नाजूक भागात एक तार तुटलेली आढळली, तरी केबल बदलतात.

बाहेरून दिसणाऱ्या गंजापेक्षा आतला गंज अधिक घातक असतो. शंका आल्यास ताण काढून केबल किंचित उलट पिळून पेडांच्या आत पाहतात. आत गंज आढळल्यास केबल टाकून देतात. साफसफाईसाठी द्रावक वापरणे इष्ट नसते, कारण पेडांतील वंगण त्यामुळे धुऊन जाते व केबल आतून गंजू लागते. कप्पीच्या खोबणीवरील खुणाही बोलक्या असतात. एका बाजूची झीज केबल तिरकी जात असल्याचे, तर केबलीचा खोल ठसा ताण अधिक असल्याचे दर्शविते. काही जातींच्या अगंज पोलादाच्या टर्मिनलांत व टर्नबकलांत क्षार व सततचा ताण यांच्या एकत्रित परिणामाने सूक्ष्म तडे गेल्याचे आढळले आहे. अशा वेळी केबल सुस्थितीत असूनही जोड तुटू शकतो.

अपघातांपासून मिळालेले धडे : ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ तुर्की कंपनीचे डीसी-१० विमान कोसळून ३४६ माणसे मरण पावली. सामानकक्षाचे दार उडून गेल्याने त्या कक्षातील हवेचा दाब एकदम उतरला, प्रवासी कक्षाची जमीन खचली आणि तिच्यातून शेपटीकडे जाणाऱ्या केबली निकामी झाल्या. १२ जून १९७२ रोजी कॅनडातील विंडसर शहरावर याच जातीच्या विमानाला तसाच अपघात झाला होता, परंतु काही नियंत्रण शिल्लक राहिल्याने ते डेट्रॉइट येथे उतरविता आले होते. केबल कितीही बळकट असली, तरी तिचा मार्ग ज्या भागातून जातो त्या भागाच्या बळावर ती अवलंबून असते, हे या दोन घटनांवरून स्पष्ट झाले.

८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतील शार्लट येथे बीचक्राफ्ट १९००डी हे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले व त्यातील सर्व २१ जण मृत्यू पावले. दोन दिवसांपूर्वी एलेव्हेटरच्या केबलीचा ताण दुरुस्त करताना टर्नबकल चुकीचे जुळविले गेले होते. त्यामुळे विमानाचे नाक खाली आणणारी एलेव्हेटरची हालचाल सुमारे निम्मी उरली होती. जुळणीच्या काही पायऱ्या गाळल्याने हा दोष उघडकीस आला नाही. मधल्या काळात विमानाने अनेक फेऱ्या सुरक्षितपणे केल्या. अपघाताच्या दिवशी भार अधिक व तो मागील बाजूस झुकलेला होता, आणि त्या वेळी पूर्ण हालचालीची गरज पडली. नियंत्रणातील दोष असा कित्येक उड्डाणे सुप्त राहू शकतो. म्हणून ‘विमान काल नीट उडाले’ हा जुळणी बरोबर असल्याचा पुरावा होत नाही.

११ नोव्हेंबर २०१८ रोजी पोर्तुगालमध्ये दुरुस्तीनंतर उडालेल्या एम्ब्रेअर १९० या विमानाच्या एलेरॉन-केबली उलट जोडल्या गेल्या होत्या. ते सरळ राखणेही वैमानिकांना अतिशय कठीण झाले. दोन प्रयत्न फसल्यावर तिसऱ्या खेपेस ते बेजा येथील विमानतळावर उतरविण्यात आले व आतील सहाही जण बचावले. अशा चुका टाळण्यासाठी एका केबलीचे टोक दुसऱ्या केबलीच्या जागी बसूच नये अशा वेगळ्या मापांचे वा आकारांचे जोडभाग योजावेत, आणि ते शक्य नसल्यास त्यांवर कायमच्या खुणा कराव्यात, असे आराखड्याचे तत्त्व आहे.

पर्यायी साधने व पुढील काळ : केबलीऐवजी पोकळ दांडेही वापरतात. दांडा ओढू व ढकलू शकतो, त्यास प्रारंभिक ताण लागत नाही आणि तो फारसा लांबत नाही. परंतु लांब अंतरावर तो जड होतो व त्याला सरळ मोकळा मार्ग लागतो. म्हणून पुष्कळ ग्लायडरांत एलेरॉन व एलेव्हेटर दांड्यांनी, तर सुकाणू केबलीने चालवितात. विद्युत् संकेतांवर चालणाऱ्या प्रणालींनी मोठ्या प्रवासी विमानांतून केबल बव्हंशी हद्दपार केली आहे.

वैमानिकरहित विमानांत तर हाताचा जोर पोहोचविण्याचा प्रश्नच उरत नाही. त्यांची पृष्ठे सर्व्हो या लहान विद्युत् यंत्रणांनी हलवितात. या क्षेत्राशीही अहिल्यानगरचा संबंध आला आहे. तेथील वाहन संशोधन व विकास संस्थेने बंगलोर येथील संस्थांच्या सहकार्याने निशांत या वैमानिकरहित विमानासाठी वांकेल प्रकारचे एंजिन विकसित केले व २००९ मध्ये त्या एंजिनासह निशांतचे उड्डाण झाले.

असे असले, तरी कमी अंतराची प्रवासी विमाने, प्रशिक्षण विमाने व ग्लायडर यांत केबलीचे स्थान टिकून आहे. तिच्यातील दोष डोळ्यांनी दिसतो, बोटांना जाणवतो आणि साध्या साधनांनी मोजता येतो. तो वेळेवर दिसणे मात्र तपासणाऱ्याने ठरलेली प्रत्येक पायरी पाळण्यावर अवलंबून असते.